राजीनामा ड्राफ्टमध्येच राहू दे, आधी सोसाबोव्स्कीचं ऐक

अरे,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. मीटिंगमध्ये तू एकटाच म्हणालास की हे जमणार नाही, आणि आता फसल्यावर खापर तुझ्याच डोक्यावर. थांब जरा, एका पोलिश जनरलची गोष्ट सांगतो. (पोलंडचं वेड मला आमच्या कोल्हापूरमुळे, वळिवड्याला १९४३ पासून पोलिश निर्वासितांची छावणी होती ना!)

स्तानिस्वाव सोसाबोव्स्की. १९३९ ला वॉर्सा वाचवायला लढला, पकडला गेला, निसटला, फ्रान्समार्गे ब्रिटनला पोचला आणि स्कॉटलंडमध्ये पॅराशूट ब्रिगेड उभी केली, पन्नाशीला टेकलेला असताना स्वतःही उडी मारली. ब्रिगेड होती वॉर्सासाठी. पण ऑगस्ट १९४४ ला तिथे जर्मनांविरुद्ध उठाव झाला तेव्हा ती ब्रिटिशांच्या हाताखाली गेलेली, पाठवलीच नाही. पोरगा तिकडे लढत होता, त्याचे डोळे गेले.

मग सप्टेंबरात हॉलंडमधल्या आर्नेमचा पूल घ्यायचा बेत. हा विचारत राहिला की पुलापासून एवढ्या लांब उतरायचं आणि तोवर जर्मन काय झोपा काढणार का? आधीच्या एका बेताच्या वेळी तर त्याने हुकूम लेखी द्या म्हणून सांगितलं. तू लेखी काय ठेवलंस? एक तरी मेल? तोंडी बोललेलं कुणाला आठवत नाही रे, खासकरून हरल्यावर.

धुक्यामुळे दोन दिवस उशीर होऊन २१ सप्टेंबरला त्याची माणसं ऱ्हाईन नदीच्या दक्षिणेला ड्रील गावापाशी उतरली. नदी ओलांडायला जी फेरीबोट होती ती जाग्यावर नाही, रणगाडाविरोधी तोफा पलीकडच्या काठावर. रात्री छोट्या रबरी होड्यांतून, गोळीबारात, पहिल्या खेपेला जेमतेम पन्नासेक जण पलीकडे गेले. बघ, ज्या बेतावर विश्वास नव्हता त्यात पण याने काम अर्धवट सोडलं नाही. मला सगळ्यात भावतं ते हेच.

आणि बेत फसल्यावर बक्षीस काय? त्याच्या वरच्या ब्रिटिश जनरल ब्राउनिंगने वर पत्र लिहून यालाच अवघड माणूस ठरवलं, डिसेंबरात ब्रिगेड काढून घेतली. खरं सांगायचं तर जीभ तिखट होतीच त्याची, वरिष्ठांना सगळ्यांसमोर सुनवायचा, तुझ्यासारखाच. त्यावर मात्र काम कर.

युद्धानंतर पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट, परत जायची सोय नाही, मग लंडनला फॅक्टरीत कामगार. तिथे तो नुसता स्टॅन. १९६७ ला गेला. डच सरकारने ब्राँझ लायन हे शौर्यपदक दिलं २००६ मध्ये. हिशोब कर, किती वर्षं झाली ते.

तुझं प्रकरण तेवढं मोठं नाहीये. सोमवारी जुने मेल, मीटिंगच्या नोट्स सगळं तारखेनुसार लावून आण, शांतपणे एक पानाचं लिहू. आणि हो, ग्रुपवर काही टाकू नकोस आज.

तुझा,
दादा