'बर्न' या इंग्रजी क्रियापदाचे इतके अर्थ कुठून आले? आणि 'बर्न्ड' लिहावं की 'बर्न्ट'?

दुसरा भाग आधी उरकतो. दोन्ही बरोबर. भूतकाळासाठी अमेरिकेत 'बर्न्ड', ब्रिटनमध्ये दोन्ही चालतात. विशेषण असेल तर मात्र बहुतेक 'बर्न्ट'च. करपलेला टोस्ट अमेरिकेतही 'बर्न्ट टोस्ट' असतो.

खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. आपल्याकडे लाकूड 'जळतं' आणि आपण ते 'जाळतो'. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही अशीच जोडी होती: 'बिर्नन' म्हणजे जळणं, 'बॅर्नन' म्हणजे जाळणं. दोन्ही वेगवेगळी चालायची. पुढे इंग्लंडच्या उत्तर-पूर्वेत वस्ती केलेल्या व्हायकिंगांच्या 'ब्रेन्ना'ची भर पडली, प्रत्यय झिजले आणि सगळं एका 'बर्न'मध्ये कोंबलं गेलं. आता घर जळलं की कुणी जाळलं, हे क्रियापद सांगत नाही. कर्म आहे का ते बघावं लागतं. इंग्रजीचं यात नुकसानच झालं असं माझं मत.

'नुकसान'चं बोलताना 'नुसकान' होतं ना, तसाच अक्षरांचा पालट इथेही झालाय. मूळ जर्मॅनिक धातूत, म्हणजे इंग्रजी-जर्मन ज्या जुन्या भाषेतून निघाल्या तिच्यातल्या धातूत, 'र' स्वराच्या आधी होता. जर्मनमध्ये आजही 'ब्रेनन'च म्हणतात, इंग्रजीत मात्र तो स्वराच्या मागे गेला. 'थ्री' पण 'थर्ड', हाही त्यातलाच प्रकार. 'र' जागेवर राहिलेली भावंडंही इंग्रजीत आहेत. 'ब्रँड' म्हणजे आधी जळतं लाकूड, मग तापल्या लोखंडाने दिलेला डाग, त्यावरून व्यापारी छाप. 'ब्रँडी' हा डच शब्दाचा तुकडा, अर्थ 'जाळलेली वाइन', म्हणजे आच देऊन गाळलेली.

अर्थ वाढले तरी बऱ्याच ठिकाणी उष्णता खरीच असते. सीडी 'बर्न' करताना लेसर आतल्या रंगाचा थर तापवून बदलतो. कॅलरी 'बर्न' होतात तेव्हा शरीरात अन्नाचं ऑक्सिडीकरणच चालू असतं, फक्त ज्वाळेशिवाय. स्टार्टअपवाले पैसा 'बर्न' करतात ते तेवढं अलंकारिक.

'अग्नी'चा सख्खा नातेवाईक शोधत असाल तर तो 'इग्नाइट', लॅटिन 'इग्निस'वरून आलेला. आणि स्कॉटलंडच्या नकाशावरच्या 'बर्न'मध्ये आग शोधू नका. 1314 ची लढाई झाली त्या बॅनकबर्नमधला 'बर्न' म्हणजे ओढा. तो शब्दच वेगळा.