रॉन पॉल रिपब्लिकन असूनही युद्धविरोधी कसे? त्यांची धोरणं नेमकी काय होती?

युद्धाला विरोध आणि करांना विरोध, या दोन्हींचं मूळ त्यांच्या लेखी एकच: वॉशिंग्टनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, हातात पैसा आणि सत्ता जितकी कमी तितकी बरी.

अमेरिकेतल्या टेक्सासचे हे माजी खासदार पेशाने प्रसूतितज्ज्ञ. राज्यघटनेत स्पष्ट परवानगी नसेल त्या विधेयकाला ते 'नाही' म्हणत, म्हणून टोपणनावच पडलं 'डॉक्टर नो'. ऑक्टोबर 2002 मध्ये इराकवर हल्ल्याचा अधिकार अध्यक्ष बुशना देणाऱ्या ठरावाला प्रतिनिधिगृहातल्या फक्त 6 रिपब्लिकनांनी विरोध केला, त्यांत हे होते. युद्ध पुकारायचं तर काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) रीतसर घोषणा करावी, अध्यक्षाच्या मर्जीवर सोडू नये, हा मुद्दा. परदेशी मदत बंद करा, बाहेरचे तळ गुंडाळा, सैन्य घरी आणा, हेही त्यातच आलं.

देशांतर्गत बाजूला प्राप्तिकर रद्द करा, फेडरल रिझर्व्ह (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) बंद करा. त्यांच्या मते नोटा छापण्याची सोय आहे म्हणूनच युद्धं परवडतात, आणि महागाईच्या रूपाने बिल सामान्य माणूस भरतो. मला हा त्यांचा सर्वांत रंजक युक्तिवाद वाटतो, पटो न पटो. अमली पदार्थविरोधी मोहिमेलाही विरोध होता. गर्भपाताला मात्र कट्टर विरोध. तो विषय राज्यांवर सोडा म्हणायचे.

आता गंमत: आपल्या मतदारसंघासाठीचा निधी ते खर्चाच्या विधेयकात घालून घेत आणि मग त्याच विधेयकाविरुद्ध मत देत! 2008 आणि 2012 मध्ये अध्यक्षपदाच्या रिपब्लिकन उमेदवारीसाठी लढले, पण मिळाली नाही.