वाचकांचे प्रश्न : कारखान्याचं सॉफ्टवेअर, एडा आणि ‘कऱ्हाड’चे तीन अवतार

या अंकासाठी सातारा-सांगलीकडून आलेली बहुतेक पत्रं मोठ्या सॉफ्टवेअरबद्दल आहेत. मोठं म्हणजे किती ओळींचं, हा वाद निष्फळ आहे. ज्या दिवशी सगळा कोड एका माणसाच्या डोक्यात मावेनासा होतो, त्या दिवसापासून ते मोठं.

प्रश्न : आम्ही सातजण साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. ऊसनोंद, तोडणी कार्यक्रम, वजनकाटा, बिलं, स्टोअर असं सगळं पीएचपीत आहे, साधारण लाखभर ओळी. काट्यात काही बदललं की बिलं चुकतात. सगळं जावात नव्यानं लिहावं का? एकजण रस्टचा आग्रह धरतो.
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दोन्ही नको, निदान आत्ता नको. दुखणं पीएचपीचं नाही, काटा आणि बिल यांच्यातल्या सांध्याचं आहे. सांधा तसाच ठेवून भाषा बदललीत तर तेच दुखणं जावात निघेल, वर दोन हंगाम वाया जातील.

सांधा किती सैल आहे ते आधी पाहा. काट्याच्या मुख्य टेबलाचं नाव ‘गिट ग्रेप’ला (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमधला शोध-आदेश) द्या आणि ते किती फायलींत येतं ते मोजा. काटा विभागाच्या स्वतःच्या फायली सोडून चार-पाच उरल्या तर ठीक. तीस-चाळीस उरल्या, तर तितक्या ठिकाणी कोणीतरी परस्पर टेबलातून वजन उचलतंय, आणि कॉलमचा अर्थ बदलला तर त्यातल्या कोणालाही पत्ता लागणार नाही. मग एक तक्ता करा : उभी टेबलं, आडवे विभाग, वाचत असेल तिथे ‘वा’, लिहीत असेल तिथे ‘ले’. एकाच टेबलासमोर दोन विभागांचा ‘ले’ आला की तिथूनच काम सुरू करायचं. टेबलाचा मालक एकच विभाग ठेवा; बाकीच्यांनी त्याच्या चार-सहा फंक्शनांतूनच यायचं.

त्या फंक्शनांत बहुतेक वेळा गोम असते ती एककांची. काट्यावरून १८४६० किलो येतं, पावतीवर १८.४६० टन छापलं जातं, दर टनाचा असतो. ‘निव्वळ वजन’ नावाचं फंक्शन नुसती संख्या परत देत असेल, तर ती किलो की टन हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो तर नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो. त्यात संख्या फ्लोट (दशांशचिन्हाची) असेल तर आणखी भर. बायनरीत ०.१ नेमका बसत नाही, त्यामुळे राउंडिंगच्या काठावरचा आकडा कधी इकडे पडतो, कधी तिकडे. वजन किलोत, पूर्णांकात ठेवा. रक्कम पैशांत, पूर्णांकात. भागाकार एकदाच, शेवटी, आणि राउंडिंगचा नियम एकाच जागी.

भाषांमधला खरा फरक इथे दिसतो. एडा किंवा गो या भाषांत पूर्णांकावरून ‘किलो’ आणि ‘टन’ असे दोन नवे प्रकार (टाइप) केले, की एकाच्या जागी दुसऱ्याचं व्हेरिएबल दिल्यावर कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम, अडवतो. टाइपस्क्रिप्टमध्ये ‘किलो म्हणजे नंबर’ असं लिहिलं तर ते नुसतं टोपणनाव होतं. किलोच्या जागी टन खुशाल जातो. पीएचपीत छोटा क्लास करावा लागतो. दहा-बारा ओळींचं काम आहे, करा.

पीएचपी ७ पासून, म्हणजे २०१५ पासून, फंक्शनच्या तोंडाशी संख्या, अक्षरमाला (स्ट्रिंग) वगैरे प्रकार लिहिता येतात. सोबत ‘स्ट्रिक्ट टाइप्स’ (प्रकार जुळलाच पाहिजे, ही सूचना) चालू करा, पण त्यात एक खोच आहे. फंक्शनला दिलेल्या किमतींसाठी ही सूचना बोलावणाऱ्या फायलीत पाहिली जाते, फंक्शन लिहिलेल्या फायलीत नाही. काट्याच्या फायलीत ती लिहिलीत आणि बिलाच्या फायलीत विसरलात, तर बिलाकडून आलेली ‘१८४६०’ ही अक्षरमाला निमूट संख्या होऊन आत जाते.

त्यानंतर पीएचपीस्टॅन, म्हणजे कोड न चालवता त्यातल्या चुका शोधणारं हत्यार. पातळी ० पासून सुरुवात करा. पहिल्या दिवशी तक्रारींचा ढीग येईल; तो उपसत बसू नका, ‘बेसलाइन’ फाइल करून गोठवा. जुन्या चुका गप्प राहतात, नवी लगेच ओरडते. बेसलाइन महिन्यागणिक आक्रसायला हवी. ती वाढत असेल तर कोणीतरी ती पुन्हा पुन्हा तयार करून आपल्या चुका तिच्याखाली ढकलतंय.

गाळप चालू असताना यातलं काहीही काट्याच्या सांध्यावर करू नका. रात्री दोनला काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना प्रकार-तपासणीचं तत्त्वज्ञान कोणी ऐकून घेत नाही. हंगाम संपल्यावर, गेल्या हंगामाच्या खऱ्या पावत्या जुन्या आणि नव्या अशा दोन्ही कोडमधून चालवा आणि बिलं पैशापर्यंत ताडून पाहा. फरक निघाला तर आधी ठरवा, चूक नव्याची की जुन्याची. जुन्याची निघण्याची तयारी ठेवा.

माणसं वाढवायचा विचार असेल तर एवढा हिशेब करा : सातजणांत बोलण्याच्या जोड्या २१ होतात, बाराजणांत ६६.

प्रश्न : अभ्यासक्रमात एडा भाषा आणि तिच्यासोबत केएपीएसई, एमएपीएसई, एपीएसई असे शब्द आहेत. हे आता कोण वापरतं? परीक्षेपुरतं पाठ करावं का?
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : पाठ करू नका, चित्र काढा. अमेरिकेच्या संरक्षण खात्यात १९७० च्या दशकात इतक्या भाषा आणि बोली साचल्या, की एकच भाषा ठरवणं भाग पडलं. अपेक्षांचे मसुदे एकामागून एक निघाले : स्ट्रॉमॅन, वुडनमॅन, टिनमॅन, आयर्नमॅन, स्टीलमॅन. काडीपासून पोलादापर्यंत. ज्याँ इश्बिया यांच्या गटाचा आराखडा निवडला गेला आणि १९८३ मध्ये ती भाषा, एडा, प्रमाणित झाली. लष्करी मानकाचा क्रमांक १८१५, म्हणजे भाषेला जिचं नाव दिलं त्या एडा लव्हलेसचं जन्मवर्ष.

नुसत्या भाषेनं भागणार नाही हे त्याआधीच लक्षात आलं होतं. म्हणून १९८० मध्ये हत्यारांसाठी वेगळा मसुदा निघाला, स्टोनमॅन. एपीएसई म्हणजे एडात प्रोग्रॅम लिहिण्यासाठीच्या हत्यारांची सगळी व्यवस्था; आधीचा ‘के’ कर्नलचा, ‘एम’ मिनिमलचा. त्यातलं चित्र कांद्यासारखं आहे. आत केएपीएसई, म्हणजे यंत्राशी आणि साठवणीशी बोलणारा गाभा. त्याभोवती एमएपीएसई, किमान हत्यारं : एडिटर, कंपायलर, लिंकर, डीबगर, आवृत्त्यांची व्यवस्था. बाहेर पूर्ण एपीएसई. हत्यारांनी यंत्राला थेट शिवायचं नाही, गाभ्यातूनच जायचं. यंत्र बदललं तर गाभा तेवढा नव्यानं लिहायचा. मुळाशी एक सामायिक डेटाबेस, ज्यात कोणती वस्तू कोणत्या आवृत्तीपासून तयार झाली याची नोंद. आज हेच काम गिट, बिल्ड सर्व्हर आणि एडिटर वाटून घेतात. मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये खुला केलेला लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल त्याच जातीचा : दहा एडिटर आणि वीस भाषांना पूर्वी दोनशे जोडण्या लागत्या, आता तीस पुरतात.

एडातली शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे पॅकेजचे दोन भाग, स्पेसिफिकेशन (बाहेरच्यांना काय मिळतं) आणि बॉडी (आत ते कसं होतं). बॉडी बदलली तर वापरणाऱ्यांना सहसा झळ लागत नाही. स्पेसिफिकेशन बदललं तर त्यावर अवलंबून असलेलं सगळं पुन्हा कंपाइल व्हायलाच हवं, हा भाषेचाच नियम. जीनॅट हा मोफत कंपायलर जीसीसी या कंपायलर-संचाचा भाग आहे. दोन पॅकेजं लिहा, आधी बॉडीत आणि मग स्पेसिफिकेशनमध्ये बदल करून काय काय पुन्हा कंपाइल होतं ते पाहा. अर्ध्या तासाचा प्रयोग आहे.

एवढी कडक भाषाही वाचवत नाही, याचं उदाहरण उत्तरात जरूर लिहा. ४ जून १९९६ ला एरियान ५ हे युरोपचं रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. त्यातला दिशादर्शक कोड एडात होता आणि एरियान ४ वरून आणलेला होता. ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना ती मावली नाही. त्या रूपांतरावर मुद्दाम संरक्षण ठेवलेलं नव्हतं, कारण जुन्या रॉकेटच्या मार्गात ती किंमत एवढी वाढणं शक्य नव्हतं. हे गृहीतक स्पेसिफिकेशनमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं, मग कंपायलर काय तपासणार?

प्रश्न : यंत्रनियंत्रणाचं सॉफ्टवेअर सी++ मध्ये आहे. बिल्ड ‘मेक’नं होतो. बदल केला तरी कधीकधी जुनंच वागणं दिसतं, म्हणून प्रत्येक वेळी ‘मेक क्लीन’ करतो आणि पस्तीस मिनिटं थांबतो. आठ कामं समांतर लावली तर मधूनच बिल्ड पडतो.
— एक वाचक, कुपवाड

उत्तर : दोन्ही तक्रारींचं कारण एकच : मेकफाइलमध्ये अवलंबन, म्हणजे काय कशापासून बनतं ते, अपुरं लिहिलंय. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये केलेलं मेक फार साधं आहे. ते फक्त वेळा बघतं. ज्यापासून वस्तू बनते ती फाइल वस्तूपेक्षा नवी असेल तर पुन्हा बनवायचं, नाहीतर नाही. हेडर फायली (अनेक कोड-फायली आत ओढून घेतात त्या सामायिक घोषणा) तुम्ही सांगितल्याच नसतील तर हेडर बदलल्याचं त्याला कळत नाही.

हेडरांची यादी हातानं लिहू नका, ती आठ दिवसांत शिळी होते. जीसीसीला ‘-एमएमडी’ आणि ‘-एमपी’ हे पर्याय द्या. प्रत्येक ऑब्जेक्ट फायलीशेजारी एक ‘.डी’ फाइल तयार होईल, ती मेकफाइलच्या शेवटी ‘-इन्क्लूड’नं ओढून घ्या. पुढची वजा-रेघ विसरू नका, नाहीतर पहिल्या बिल्डला फाइल नाही म्हणून तक्रार येईल. ‘-एमपी’ कशाला? ते नसेल तर एखादं हेडर काढून टाकल्यावर ‘हे बनवायचं कसं?’ म्हणत मेक अडून बसतं. हे लावल्यावर एकदा, शेवटचं, क्लीन करा. जुन्या ऑब्जेक्ट फायलींना ‘.डी’ नाही. मग एका हेडरला ‘टच’ करून ‘मेक -एन’ चालवा. ते काही न बनवता नुसती यादी दाखवतं. अपेक्षित फायली त्यात आल्या की झालं.

समांतर बिल्ड पडतो तो नशिबानं नाही. एखादं हेडर बिल्डमध्येच जनरेट होत असणार. एकेक काम करताना ते ओळीनं आधी तयार होतं म्हणून निभावतं. आठ एकदम सुटले की कोणीतरी ते तयार व्हायच्या आत उघडतो. पहिल्या बिल्डला ‘.डी’ फायलीही मदतीला नसतात, त्यामुळे असं हेडर अवलंबनात स्वतः लिहायलाच लागतं.

तीन गोष्टी आणखी तपासा. कंपायलरचे पर्याय बदलले तर मेकला समजत नाही. निंजा हे मेकसारखंच दुसरं हत्यार मात्र आदेशाची ओळही लक्षात ठेवतं. कोड सामायिक नेटवर्क ड्राइव्हवर असेल तर सर्व्हरचं आणि तुमचं घड्याळ जुळतंय ना? आणि गिटमध्ये शाखा बदलली की बदललेल्या फायलींना आत्ताची वेळ लागते, परत आलात की पुन्हा तेच, म्हणून सतत दोन शाखांत ये-जा असेल तर ‘गिट वर्कट्री’नं दोन वेगळे फोल्डर ठेवा. आधी कंपाइल केलेलं साठवून ठेवणारं सीकॅश वेळेऐवजी मजकूर ताडून पाहतं. ते लावलं तर क्लीन करायची वेळ आलीच तरी पस्तीस मिनिटं लागणार नाहीत.

प्रश्न : पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कऱ्हाड’ शोधलं की निम्मेच सभासद येतात. नाव तर सगळ्यांचं सारखंच दिसतं.
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : दिसतं सारखं, आत तीन वेगळ्या अक्षरमाला असू शकतात. एक : ‘ऱ’ हे युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर, क्रमांक ०९३१. दोन : साधा ‘र’, त्याला नुक्ता (खालचं टिंब). तीन : ‘र’, हलन्त आणि पुढे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. ऑफिसातला कीबोर्ड, मोबाइल ॲप आणि जुनी एक्सेल प्रत्येकी आपापलं पाठवतात.

पहिले दोन एनएफसी नॉर्मलायझेशननं (एकच अक्षर वेगवेगळ्या रीतींनी लिहिलं तरी एका रूपात आणायचा युनिकोडचा नियम) एक होतात. तिसरा होत नाही. ‘र, हलन्त, जॉइनर’ची ‘ऱ, हलन्त’ अशी अदलाबदल स्वतः करावी लागते. नुसता जॉइनर पुसू नका, रफार चढून ‘कर्हाड’ होईल. हे एकाच फंक्शनात करा आणि डेटा आत येतो त्या प्रत्येक वाटेवर तेच बसवा, शोधाच्या खिडकीवरही.

ओरॅकल डेटाबेसवर असाल तर लांबीही पाहा. ‘व्हारचार२’ची लांबी मूळ मांडणीत बाइटांत मोजली जाते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ३० लांबीच्या कॉलमात दहाच चिन्हं मावतात. पहिल्या रूपातलं ‘कऱ्हाड’च १८ बाइटांचं आहे, उरलेली दोन्ही २१ ची. आणि ‘कराड’ लिहिणारे सभासद यातल्या कशानंही सापडणार नाहीत. गावाचं नाव नव्हे, सरकारी गावसूचीतला सांकेतांक साठवा.

प्रश्न : तीन आठवडे वेगळ्या शाखेवर काम केलं की मर्ज करायला (ते मुख्य कोडात मिसळायला) दोन दिवस जातात.
— एक वाचक, वाई

उत्तर : रोज मुख्य शाखा आपल्यात ओढा. खरी भीती संघर्ष दाखवणाऱ्या मर्जची नाही, गुपचूप पार पडणाऱ्याची आहे. तुम्ही फंक्शनचं नाव बदललं, त्याच वेळी दुसऱ्यानं जुन्या नावानं नवी हाक लिहिली. ओळी वेगळ्या, गिटला काही खटकत नाही. टाइप असलेल्या भाषेत कंपायलर सांगेल, पायथनमध्ये ती ओळ चालेल तेव्हा कळेल. म्हणून चाचण्या शाखेवर नव्हे, मर्ज झालेल्या कोडवर चालवा. बिघाड केव्हा शिरला ते शोधायला ‘गिट बायसेक्ट’ : हजार कमिटांत (नोंदवलेल्या बदलांत) साधारण दहा तपासण्या.

प्रश्न : व्हेरिएबलांना मराठी नावं देता येतात का?
— एक वाचक, फलटण

उत्तर : पायथन ३, जावा, जावास्क्रिप्टमध्ये चालतात. गोमध्ये ‘वजन’ चालतं, ‘काटा’ चालत नाही, कारण नावात फक्त अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर घेतले जातात आणि काना हे युनिकोडच्या लेखी अक्षर नाही, जोडचिन्ह आहे. शिवाय गोमध्ये पॅकेजबाहेर दिसण्यासाठी नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल लागतं. देवनागरीला कॅपिटल नाही, त्यामुळे तुमचं ‘वजन’ पॅकेजच्या आतच राहणार.