सहलीला सगळेच स्की करणारे नसतील तर?

प्रश्न : आम्ही म्युनिकमधील तीन मराठी कुटुंबे फेब्रुवारीत आल्प्समध्ये आठवडाभर जाणार आहोत. चौघांना स्की उत्तम येते, मुले नवखी आहेत आणि आई-बाबा पुण्याहून येत आहेत. फ्रान्समधील व्हाल तोरांस निवडावे की स्वित्झर्लंडमधील वेंगेन?

उत्तर : केवळ त्या चौघांचा विचार केला, तर व्हाल तोरांसला तोड नाही, २,३०० मीटर उंचीवरचे हे गाव ६०० किलोमीटर स्की-मार्गांच्या त्रोआ व्हाले परिसरात आहे आणि तिथे बर्फाची खात्री असते. परंतु पुण्याहून थेट इतक्या उंचीवर आलेल्या ज्येष्ठांना पहिले दोन दिवस दम लागू शकतो, आणि स्की न करणाऱ्यांना तिथे दिवस काढणे जड जाते. म्हणून मी निःसंकोच वेंगेन सुचवेन. १,२७४ मीटरवरच्या या गावात पर्यटकांच्या मोटारी येत नाहीत, खालच्या दरीतील लाउटरब्रुनन गावाहून दातेरी रुळांच्या रेल्वेने यावे लागते, आणि नवशिक्यांचा उतार गावाच्या मधोमध असल्याने मुले शिकताना आजी-आजोबांना दिसतात. तीच रेल्वे पुढे २,०६१ मीटरवरील क्लाइने शाइडेग या खिंडीपर्यंत जाते. स्की करणारे उतारावरून आणि आई-बाबा गाडीने तिथे पोहोचले, की आयगर शिखराच्या काळ्या कड्यासमोर सर्वांना एकत्र जेवता येते, आणि माझ्या लेखी सामूहिक सहलीत ही सोय सर्वांत मोलाची आहे. कमी उंचीमुळे बर्फ कधी विरळ असतो, एवढी उणीव मात्र पत्करावी लागेल. मुलांच्या स्की-वर्गाची नोंदणी राहण्याचे घर ठरवण्याआधी करा. शाळांच्या सुट्ट्यांमुळे फेब्रुवारीत जागा लवकर भरतात.