परदेशात स्टिअरिंग हाती घ्यावं का?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझं वय ६१. तीस वर्षं लातूर, नांदेड, सोलापूर अशी गाडी चालवली, एकही अपघात नाही. आता पाच महिने कॅलिफोर्नियात मुलाकडे राहणार आहे. त्याची गाडी चालवली तर चालेल का? सूनबाई नको म्हणतात. (लातूर)

कायद्याने चालेल. तिथे पाहुणा म्हणून आलेल्या १८ वर्षांवरील माणसाला आपल्या देशाच्या वैध लायसन्सवर गाडी चालवता येते. अमेरिकेत हा नियम राज्यागणिक बदलतो, म्हणून शेजारच्या राज्यात जाण्याआधी पुन्हा विचारून घ्या.

खरी अडचण विम्याची आहे. पाच महिने त्याच घरात राहणाऱ्याला विमा कंपनी 'कधीतरी गाडी घेणारा पाहुणा' मानेलच असं नाही. मुलाने कंपनीला विचारावं, पॉलिसीत तुमचं नाव घालावं लागत असेल तर घालावं आणि उत्तर ईमेलवर घ्यावं. इथून निघताना काढलेला प्रवास विमा मुख्यतः तुमच्या दवाखान्याचा खर्च बघतो. तुमच्या धडकेने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई त्यात धरून चालू नका.

आता अनुभवाचं. तीस वर्षांत हातपाय न सांगता कामं करायला शिकलेले असतात आणि तिथे तेच नडतं. इंडिकेटर द्यायला जाल आणि वायपर सुरू होईल, कारण आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत उजवीकडे असलेली इंडिकेटरची दांडी तिथे डावीकडे असते. त्यात धोका नाही, फक्त हसू होतं. धोका असतो तो पहाटे पंपातून किंवा पार्किंगमधून रिकाम्या रस्त्यावर येताना. पुढे गाडी असली की आपण तिच्यामागे जातो. रस्ता मोकळा असला की हात सवयीने डावी बाजू धरतो. यासाठी एक खूण कायम लक्षात ठेवा: चालकाची सीट रस्त्याच्या मधल्या रेषेकडे असली पाहिजे. ती कडेला आली तर आपण उलट्या बाजूला आहोत.

उजवीकडे गाडी किती रुंद आहे याचा अंदाजही सुरुवातीला चुकतो, त्यामुळे उजवा आरसा जपा.

नियमांत आपल्या लोकांना नडणारे तीन. 'स्टॉप' पाटीवर रस्ता रिकामा असला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. वेग कमी करून सरकणं म्हणजे दंड. चारही बाजूंना स्टॉप असेल तर आधी थांबलेला आधी निघतो, दोघे एकदमच आले तर उजवीकडच्याला वाट द्यायची. स्कूल बसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर दुभाजक नसलेल्या दोनपदरी रस्त्यावर समोरून येणाऱ्यानेही थांबायचं. पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली, तर आपल्यासारखं कागद घेऊन खाली उतरू नका. आतच बसा, हात स्टिअरिंगवर दिसू द्या.

फ्रीवेवर (तिथल्या द्रुतगती महामार्गावर) सगळ्यात शेवटी जा. आपण गावच्या फाट्यावरून हायवेला लागताना थांबतो, डोकावतो, मग निघतो. तिथे जोडरस्त्यावरच वेग वाढवून वाहत्या गाड्यांच्या गतीला यायचं असतं. जोडरस्त्याच्या (रॅम्पच्या) टोकाला थांबलात तर मागून धडक बसू शकते आणि शून्यातून शिरणंही अवघड होतं. पहिला आठवडा मुलाच्या शेजारी बसून बघा, मग रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये हात बसवा, त्यानंतर कॉलनीतले रस्ते. विमा कंपनीचं उत्तर येईपर्यंत मात्र सूनबाईंचं ऐका.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही दोघं आणि मुलं (वय ९ आणि ५) स्वित्झर्लंड व उत्तर इटलीत दहा दिवस जाणार. गाडी भाड्याने घ्यावी की रेल्वे? (छत्रपती संभाजीनगर)

सबंध सहलीसाठी एकच उत्तर शोधू नका. स्वित्झर्लंडमध्ये रेल्वे घ्या. झरमॅट, वेंगेन, म्यूरेन या गावांत पर्यटकांच्या गाड्यांना प्रवेशच नाही. झरमॅटला जाताना टेशला गाडी ठेवून शेवटी रेल्वेनेच जावं लागतं, मग भाडं आणि पार्किंग दोन्ही कशाला भरायचं? शिवाय फुर्का, ग्रिम्झेल यांसारख्या उंच खिंडी मे महिन्यात बर्फामुळे बहुधा बंदच असतात.

गाडी घ्यायचीच तर इटलीत, तळ्याकाठच्या आणि डोंगरातल्या गावांसाठी घ्या. मिलान, फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात मात्र नेऊ नका. तिथे 'झेडटीएल' नावाचे मर्यादित वाहतुकीचे पट्टे आहेत. कॅमेरा नंबर टिपतो, दंड काही महिन्यांनी येतो आणि भाडेकंपनी तुमचा पत्ता कळवण्याची फी वेगळी कापते. हॉटेल त्या पट्ट्यात असेल तर बुकिंग करतानाच आत गाडी आणायच्या परवानगीचं विचारा.

इटलीत आपल्या लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो. दोन्ही देशांत १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना योग्य सीट लागते (स्वित्झर्लंडमध्ये बारा वर्षांपर्यंत), म्हणजे नऊ वर्षांच्या मुलालाही बूस्टर. मांडीवर बसवणं विसरा. इटलीतली गाडी स्विस महामार्गावर न्यायची असेल तर ४० फ्रँकचा विन्येट (महामार्गाचा टोल-पास) घ्या आणि सीमा ओलांडायची परवानगी करारात लिहून घ्या.

बुकिंग करताना 'ऑटोमॅटिक' असं वेगळं निवडा, नाहीतर गिअरची गाडी मिळते आणि गिअर उजव्या हाताने टाकावे लागतात. डिपॉझिट मुख्य चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डवरच अडकवतात. विम्यात तुम्ही स्वतः भरायची रक्कम किती, आणि टायर, काच, गाडीचा खालचा भाग धरलाय का, हे वाचा. साध्या पॅकेजमध्ये हे भाग बहुधा धरलेले नसतात. चुकीचं इंधन भरलं तर तो खर्चही आपल्याच माथी. गाडी घेताना आणि परत देताना चारही बाजूंचे फोटो काढा.

आपल्याकडे घाटात ट्रकचालक उतरताना खालचा गिअर ठेवतात, तसंच तिथेही करा. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि लागेनासा होतो.

प्रश्न : आंतरराष्ट्रीय परवाना कसा काढायचा? लायसन्स मोबाईलमध्ये आहे, ते चालेल का? (नांदेड)

मोबाईलमधलं डिजिलॉकरचं लायसन्स भारतात चालतं, परदेशातल्या भाडेकंपनीच्या काउंटरवर मूळ कार्डच मागतात. 'सारथी' पोर्टलवर महाराष्ट्र निवडून लायसन्सच्या सेवांमध्ये हा अर्ज (नमुना ४-अ) भरा. लायसन्स आणि पासपोर्ट जोडा; व्हिसा आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र (नमुना १-अ) यांची अट २०२१मध्ये काढली. सरकारी फी १,००० रुपये. मुदत एक वर्ष, पण लायसन्स त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंतच; म्हणून आधी लायसन्सचं नूतनीकरण करा. परवाना १९४९च्या जिनिव्हा रस्ते-वाहतूक करारानुसार असतो. जपानमध्ये चालतो, चीनमध्ये नाही. आणि तो एकटा दाखवून उपयोग नाही, मूळ लायसन्स सोबत हवंच.

प्रश्न : लायसन्स फक्त कारचं आहे. थायलंडमध्ये स्कूटर भाड्याने घेऊ का? (परभणी)

नको. दुकानदार लायसन्स न बघता किल्ली देईल, पण परवान्यावर मोटरसायकलचा वर्ग नसेल तर अपघातानंतर प्रवास विमा दावा नाकारतो. आधी इथे दुचाकीचं लायसन्स काढा. आणि कोणी डिपॉझिट म्हणून पासपोर्ट ठेवून घ्यायला लागला तर दुसरं दुकान बघा. रोख रक्कम आणि पासपोर्टची झेरॉक्स घेणारे भेटतात.