मेडिकलच्या मुलांना क्लिनिकल थिंकिंग ऑनलाइन शिकवता येतं का?

क्लिनिकल थिंकिंग म्हणजे पेशंटचं ऐकून, बघून निदानापर्यंत कसं पोचायचं ते. येतं शिकवता, पण स्लाइड वाचून दाखवून नाही. मी मेडिसिन शिकवतो. २०२० च्या मार्चमध्ये कॉलेज बंद झालं आणि पहिला महिनाभर मी घरून तेच केलं, साठ स्लाइडा, समोर साठ काळे चौकोन, शेवटी "काही शंका?" म्हटलं की शांतता. निम्मे झोपलेले असणार, मी पण झोपलो असतो.

मग एक केस तुकड्यातुकड्याने दिली. तिशीतला शेतमजूर, पावसाळ्याचे दिवस, पहाटे चारला पोटात कळ येऊन उठला, उलटी झाली. बस. काय वाटतंय आणि पुढे काय विचाराल ते चॅटमध्ये टाइप करा, पण मी सांगेपर्यंत एंटर दाबायचं नाही. हा एंटरचा नियम फालतू वाटेल पण सगळी गंमत त्यातच आहे, नाहीतर टॉपरचं उत्तर दिसलं की बाकीचे तेच लिहून मोकळे. गॅस्ट्रायटिस, पॅन्क्रियाटायटिस, अपेंडिक्स सगळं आलं. पुढचा तुकडा: सात वाजता पापण्या जड, गिळता येईना. आता अर्धी मुलं स्ट्रोकवर. त्यांना चूक म्हटलं नाही, एवढंच विचारलं की माणूस पूर्ण शुद्धीत आहे आणि दोन्ही पापण्या सारख्याच पडल्यात, हे कसं बसवणार? मग एकीने विचारलं, "सर, झोपला कुठे होता?" जमिनीवर. म्हणजे मण्यार, रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावणारा विषारी साप! तिचा चावा बऱ्याचदा दुखत नाही, सुजत नाही, खूणही सापडत नाही. हे सगळ्यांनी वाचलेलं होतं हो, पण वर "मण्यारीचा दंश" असं शीर्षक असलेल्या पानावर. पेशंटच्या कपाळावर शीर्षक नसतं.

लोक लगेच प्रोजेक्ट एकोचं उदाहरण देतात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरांनी २००३ मध्ये सुरू केलं, गावाकडचे डॉक्टर हिपॅटायटिस सीच्या केसेस व्हिडिओवर तज्ज्ञांपुढे मांडायचे, आणि २०११ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात त्यांचे रिझल्ट युनिव्हर्सिटीच्या क्लिनिकइतकेच चांगले निघाले. खरंय. पण तिथे लांब होते ते तज्ज्ञ, पेशंट त्या डॉक्टरच्या समोरच बसलेला होता. माझ्या पोरांकडे पेशंटच नव्हता.

त्याचा फटका वॉर्ड सुरू झाल्यावर कळला. पोट तपासताना प्लीहा हाताला लागेना हे तर होणारच होतं, पण एक आजी म्हणाल्या "जीव घाबरा होतोय, अंगात कणकण आहे" आणि स्क्रीनवर फटाफट केस सोडवणारा हुशार मुलगा तिथेच अडकला. जीव घाबरा म्हणजे धाप, धडधड की मळमळ, हे त्याने विचारायला हवं होतं. चूक माझीच, मी केस धुऊनपुसून द्यायचो.

म्हणून आता इंटर्न पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, गेले की सांगतो, पेशंट जे बोलला ते त्याच्याच शब्दांत पाठवा, नाव आणि फोटो नको, आणि निदान तर मी विचारल्याशिवाय अजिबात नको. रात्री नऊनंतर कॉलवर बसतो त्यावर, नेटवर्क असेल तर.