"नवऱ्याची सही आणा" म्हणाले, आता काय करू?

बत्तीस वर्षांची, दोन लेकरांची आई. इथे तिला सुनंदा म्हणू. तांबी बसवलेली असूनही दिवस राहिले होते, आठवा आठवडा चालू होता. खुर्चीत टेकता टेकताच तिने विचारलं, "मॅडम, पाडलं तर पोलीस धरतात का?"

हा प्रश्न मला वरचेवर ऐकायला मिळतो. दवाखान्यातली पाटी वाचून बायका धसका घेतात: "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे." गर्भलिंग निदानाचा कायदा 1994 चा आहे. गर्भपाताचा वेगळा, 1971 चा, आणि त्यातल्या अटींत बसणारा गर्भपात गुन्हा नाही. तांबी फसणं हे त्यात मान्य केलेलं कारण आहे.

पण सुनंदाची भीती उगाच आलेली नव्हती. 1860 च्या दंडसंहितेत जीव वाचवण्यापुरती सूट सोडली, तर गर्भपात करून घेणारी बाईसुद्धा गुन्हेगार ठरायची. तीन वर्षांपर्यंत कैद. मग बायका चोरून जायच्या, कुणी काडी घालून घ्यायची, कुणी कसला तरी काढा प्यायची, आणि ताप अंगावर काढत मरायच्या. 1964 मध्ये शांतिलाल शहा समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींतून 1971 चा कायदा आला. तो येईपर्यंत किती जणी गेल्या असतील, याचा विचार आला की आजही माझ्या पोटात कालवतं.

सुनंदाचं खरं दुखणं पुढेच होतं. नर्सिंग होममध्ये तिला सांगितलं होतं, नवऱ्याची सही आणा. "ह्यांना कळलं की सासूबाईंना कळणार, मग मला ठेवूनच घ्यावं लागेल."

मी संमतीचा 'फॉर्म सी' तिच्यापुढे ठेवला. ओळीखाली बोट धरून ती वाचत गेली. 'पत्नी' या शब्दापाशी थांबली. तिथे नवऱ्याचं नाव येतं, सही नाही. खाली पालकाच्या संमतीचा भाग दिसला तशी पुन्हा घाबरली. तो 18 वर्षांखालच्या मुलींसाठी आणि मानसिक आजार असलेल्या स्त्रियांसाठी असतो. सज्ञान बाईला तिची स्वतःची संमती पुरते. उद्या घरचे येऊन भांडतील म्हणून डॉक्टर सही मागतात, हे मला समजतं. पण त्यापायी बाईचे आठवडे वाया जातात, ते मला पटत नाही.

लग्न न झालेल्या मुलींनाही हेच सांगते. गर्भपाताच्या कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीत 'पती'च्या जागी 'जोडीदार' आलं, आणि तुमचं नाव बाहेर फोडणाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

"पण मॅडम, पाप लागेल का?" यावर मी उत्तर देत नाही. तिलाच बोलू दिलं. तासभर ती बोलली: धाकट्याचं अंगावरचं दूध, शिलाईचं काम, गेल्या बाळंतपणातला रक्तस्राव. निर्णय तिचा तिने घेतला.

चार दिवसांनी मान्यताप्राप्त केंद्रातून तिचा फोन आला. बहीण सोबत होती. सही करताना पेन उमटेना, तेव्हा बहिणीनेच दुसरं काढून दिलं म्हणाली.